माफी मागून गोळी झाडणारे निकमकाका

समोरच्या राक्षसावर गोळी झाडण्याआधी त्याला "माफ करा हं" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे निकमकाका.

राक्षस अर्थात कॉम्प्युटरमधला. तपकिरी, केसाळ, तोंडातून आगीचे गोळे फेकत अंगावर येणारा. काका खुर्चीत ताठ बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट बटणावर तयार. "माफ करा हं, जरा वाट हवी होती," असं म्हणून होईपर्यंत राक्षसानं त्यांना दोनदा भाजून काढलेलं असे. बरं, राक्षस पाठमोरा उभा असला तर झाडायचीच नाही. तो वळेपर्यंत थांबायचं. "पाठीत मारणं बरं दिसत नाही, बाई." मग तो वळायचा आणि काकांना आडवं करायचा. काका उठायचे, माठातलं भांडंभर पाणी प्यायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

हे सगळं चालायचं माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये. साताऱ्यात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर माझा क्लास होता. चार कॉम्प्युटर, त्यातला एक कायम आजारी. त्या वेळी कॉम्प्युटरच्या खोलीत देवघरात जावं तसं चपला काढून जायची पद्धत होती. खाली गिरणी धडधडायची, वर मुली टायपिंग करायच्या, आणि दुपारी दोन ते तीन या वेळात कोपऱ्यातून आवाज यायचा: "माफ करा हं." धाड! "माफ करा हं." धाड! एकदा एक गृहस्थ मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले होते. ते कान टवकारून म्हणाले, "हा कुठला कोर्स?" मी म्हटलं, "निवृत्त लोकांसाठी आहे." त्यांनी मुलीला दुसरीकडे घातलं.

निकमकाका आमच्याच बोळात राहायचे. लग्न केलेलं नाही, दोन खोल्या, एक स्टोव्ह, आणि ट्रेसिंग पेपरच्या गुंडाळ्यांनी भरलेलं कपाट. कोयनानगरला ड्राफ्ट्समन म्हणून तीस वर्षं काढलेली. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांची ड्रॉइंगं काढली, रिटायर झाले, पण हात काही रिटायर झाला नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी विचारणार, "उत्तर दिशा कुठं?" चहा नंतर. माझ्या सासूबाईंना एकदा सांगून गेले, "वहिनी, तुमचं गोदरेजचं कपाट तीन अंशांनी वाकडं आहे." सासूबाई पुढचे चार दिवस त्या कपाटाकडे तिरक्या मानेनं बघत होत्या.

जवळ, लांब, हाकेच्या अंतरावर असले शब्द काकांकडे नव्हतेच. मंडई एकशे बारा पावलं. दवाखाना तीनशे चाळीस, पैकी साठ चढाची. एकदा मी सहज विचारलं, नवं पोस्ट कुठं उघडलंय हो? संध्याकाळी काका घरी हजर. हातात ट्रेसिंग पेपरवर काढलेला नकाशा. उत्तरेचा बाण, प्रमाण, वाटेतलं उघडं गटारसुद्धा. आणि खाली उजव्या कोपऱ्यात चौकट: "काढले: व. रा. निकम. तपासले:" आणि पुढं मोकळी रेघ.

"इथं सही करा," काका म्हणाले.

"अहो काका, मला काय कळतंय त्यातलं?"

"जाऊन बघा आणि मग करा. तपासल्याशिवाय ते ड्रॉइंग नव्हे, बाई. नुसतं चित्र."

मी कसली जातेय गटारं मोजायला! अशी सहीवाचूनची कितीतरी ड्रॉइंगं माझ्या घरात पडलेली होती. माझा स्वभाव तापट, आणि काकांचा गोगलगायीसारखा. त्यांच्याशी बोलताना मला दर दोन मिनिटांनी दीर्घ श्वास घ्यावा लागे.

तर हे काका एकदा वाटी परत द्यायला क्लासवर आले. मधली सुट्टी होती, आणि पोरं माझा डोळा चुकवून कुठलासा गोळीबाराचा खेळ खेळत होती. काका दारातच थबकले. पडद्यावर एक लांबलचक अंधारा बोगदा होता, आणि खेळणारा त्यातून पुढं पुढं चालत होता.

"हे काय आहे?"

"खेळ आहे काका. मारामारीचा. बंद करा रे तो!"

"थांबा, थांबा. मारामारी नव्हे. ते मागचं. ती भिंत, ते वळण." वाटी हातात तशीच धरून काका अर्धा तास उभे. जाताना एवढंच म्हणाले, "बाई, हे विकत मिळतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात. कॉम्प्युटरचे सुटे भाग आणि सीड्या विकणारं बारकंसं दुकान. दुकानदार पोरसवदा आणि उत्साही.

"काका, हा बघा, एकदम नवीन. आठच दिवस झाले आलाय. लय भारी! रक्त असं उडतंय बघा..."

"रक्त नको. बोगदे आहेत का?"

"काय?"

"बोगदे. भूमिगत. छत किती उंच आहे? उतार कसा आहे?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी प्रिंटरच्या रिबिनींचं दरपत्रक मन लावून वाचायला लागले. काकांनी खिशातून भिंग काढलं आणि एकेका डबीच्या पाठीमागचे बोटभर फोटो तपासायला सुरुवात केली. "ह्यात खांबच नाहीत. कोसळेल." "ही भिंत बघा, पाणी झिरपणार." "हा नको, ह्यात सगळं उघड्यावर आहे." पाऊण तास गेला. माझे चार दीर्घ श्वास झाले.

शेवटी दुकानदारानं खालच्या फळीवरून धूळ झटकत एक डबी काढली. "हे घेऊन जावा. पाच खेळ हायत एकात. एके काळी गाजलेले, पण आता जुने झाले, पोरं विचारत नाहीत. पाची मिळून एका नव्याच्या निम्म्या किमतीत देतो. तुमच्या जुन्या मशीनवर पण पळतील."

"पाचही बोगद्यांचे?"

"पाची. बोगदे, भुयारं, तळघरं. नुसता अंधार."

काकांचा चेहरा उजळला. भिंग लावून त्यांनी पाचही फोटो बघितले. मग अगदी हळू, लाजल्यासारखं विचारलं, "ह्यातले लोक काढून नुसते बोगदे मिळतील का?"

दुकानदार म्हणाला, "ते तुमचे तुम्हालाच काढायला लागतील, काका. त्यालाच तर खेळ म्हणतात."

"बरं," काका म्हणाले. "काढू. साधारण किती आहेत?"

मी म्हटलं, अहो, ह्यातला एखादाच सुटा घ्या, पाच काय करायचेत या वयात? तर म्हणाले, "पाचच हवेत." मला वाटलं, स्वस्त पडतंय म्हणून हपापले. माझी मेलीची बुद्धी तेवढीच.

परत येताना आम्ही स्टँडवर चहाला थांबलो, आणि तिथं काकांनी सांगितलं.

"माझी थोरली बहीण आहे, आक्का. सांगलीजवळ माधवनगरला दिलेली. मेव्हणे मिलमध्ये होते, आता नाहीत. आमची आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. आक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलं. मला कोयनेला नोकरी लागली तर गावभर सांगत सुटली, माझा वशा डोंगराच्या पोटातनं रस्ता काढतो. मला एकदा दाव म्हणायची. एकदा मी बोगद्यात शिरायचा पास काढला तिच्या नावाचा. ती यायची त्याच आठवड्यात साहेबांना एक ड्रॉइंग घाईनं हवं होतं. मी आक्काला पत्र टाकलं, पुढच्या महिन्यात ये." काकांनी कप बशीत ठेवला. "पुढच्या महिन्यात तिचे गुडघे धरले. संधिवात. बारा वर्षं झाली, उंबरा ओलांडलेला नाही. दर भाऊबीजेला ओवाळताना विचारायची, वशा, बोगदा कवा दावतोस? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. गेल्या भाऊबीजेला तिनं विचारलंच नाही, बाई."

चहावर साय धरली. काकांनी ती चमच्यानं बाजूला केली, पण प्यायले नाहीत.

"तिच्या खाटेशेजारीच कॉम्प्युटर आहे. भाचा, दिलीप, घरीच लग्नपत्रिका करतो ना. काल तो बोगदा बघितला आणि डोक्यात आलं. आक्कानं नुसतं एक बटण दाबायचं, पुढं, पुढं. पण ते लोक अंगावर येतात, ती भिईल. म्हणून आधी मी जाऊन वाट मोकळी करायची. मग दाखवायची. भाऊबीजेच्या आत झालं पाहिजे."

मी दुपारी दोन ते तीनचा कॉम्प्युटर काकांना देऊन टाकला.

गणपती बसले तेव्हा सुरुवात झाली. पहिला खेळ, त्याच्या नऊ लेव्हल. ज्या माणसानं जन्मात झुरळ मारलं नाही, त्याला राक्षस मारायला शिकवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. पहिले आठ दिवस ते बंदूक भिंतीवरच झाडत होते. त्यांनी वही घातली: तारीख, लेव्हल, काढलेले अडथळे, शिल्लक अडथळे. प्रत्येक लेव्हलचा नकाशा ट्रेसिंग पेपरवर, उत्तरेच्या बाणासकट. खाली तीच चौकट, तीच मोकळी रेघ. एक लेव्हल मोकळी झाली की परत पहिल्या दारापाशी येऊन खेळ थांबवायचा, आणि मी तो जसाच्या तसा फ्लॉपीवर उतरवून द्यायचा. म्हणजे ती फ्लॉपी माधवनगरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली की तोच मोकळा बोगदा तिथं उघडणार.

माझ्या पोरांना दया आली. "काका, एक चोरकोड आहे. तो टाकला की आपण मरतच नाही."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "आक्काला चोरवाटेनं नेऊ होय रे?"

दसऱ्यापर्यंत सहा लेव्हल झाल्या. दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा आठ. आणि नववीत काका अडकले. हीच महत्त्वाची होती, कारण तिच्या शेवटी बोगदा संपून वर मोकळं आभाळ दिसत होतं. "आक्काला उजेडात आणून सोडलं पाहिजे, बाई. बोगद्यात सोडून कसं यायचं?" पण त्या आभाळाच्या आधी एक दालन, आणि दालनात तो. पायापासून शिंगापर्यंत पडदाभर. काका "माफ" म्हणेपर्यंत संपलेले असत. "करा हं" म्हणायची पाळीच येत नसे.

धनत्रयोदशीला क्लास बंद झाला. मी घरी चकल्या पाडत होते, आणि काका दारात. दाढी वाढलेली. "बाई, क्लासची किल्ली द्या." मी हात धुतले आणि त्यांच्याबरोबर वर गेले. आणखी सहा वेळा मेले. मला बघवेना. "उठा! व्हा बाजूला, मी मारते त्या मुडद्याला!" खोटं कशाला सांगू, गेले दोन महिने पोरं गेल्यावर मीही खेळत होते, आणि माझा नेम बरा बसला होता.

काका खुर्चीवरून हलले नाहीत. "भाऊबीजेची ओवाळणी दुसऱ्याच्या हातची घालतात का, बाई?"

काकांनी नववीचा नकाशा फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर फ्लॉप्यांचे चार डबे ठेवले आणि पट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्याचं अंग किती? चार चौकोन. आणि हे कोपऱ्यातलं दार? दोन."

"मग?"

"मग काय? मावत नाही."

त्याला मागं लावून काकांनी कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. तो आत शिरला मोठ्या दारानं, काका निसटले बारक्या दारानं, आणि वळसा घालून मोठ्या दाराचं बटण दाबलं. दार धाडकन पडलं. काका उभे राहिले. त्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशी खालच्या गिरणीवाल्यापर्यंत आवाज गेला, "कोंडला! बाई, कोंडला!" आणि मग नेहमीच्या आवाजात, "मारला नाही हं. नुसता कोंडलाय."

भाऊबीजेला माझाही भाऊ सांगलीत, विश्रामबागेत, माझी वाट बघत होता. म्हटलं, बसू दे पाटावर तासभर. फ्लॉपीचा भरवसा नसतो, म्हणून मी काकांबरोबर आधी माधवनगरला गेले. काकांनी एकाच फ्लॉपीच्या तीन नकला करवून घेतल्या होत्या, आणि त्या स्टीलच्या डब्यात, वर बेसनाचे लाडू घालून, सातारा ते सांगली मांडीवर धरल्या होत्या.

आक्का म्हणजे मूठभर बाई. बोटं वाकडी झालेली, आणि आवाज मात्र अख्ख्या चाळीला पुरेल असा.

"आलास व्हय रं वशा? किती वाळलाईस! जेवतोस का न्हाई?"

"जेवतुया की आक्का." मी चमकून बघितलं. आमचे छापील मराठी बोलणारे काका उंबऱ्यातच कुठंतरी राहिले होते.

दिलीपनं खाटेसमोर पाट मांडला. आक्कानं बसूनच ओवाळलं, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. काकांनी खिशात हात घातला आणि ताटात फ्लॉपी ठेवली.

"ह्ये काय रं?"

"वाच की."

फ्लॉपीवर लेबल होतं. ड्राफ्ट्समनच्या सुबक, एकसारख्या अक्षरांत लिहिलेलं: "प्रवेश पास. बोगदा. आक्का. एक व्यक्ती."

आक्कानं ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. निरांजनाच्या उजेडात पुन्हा बघितलं. "ह्यावर माजं नाव हाय?"

"हाय."

"मग बसलाईस काय? चल की!"

दिलीपनं काकांच्या डबीतला खेळ चढवला आणि फ्लॉपी घातली. पहिलीच लागली. काकांनी आक्काचं वाकडं बोट धरून बाणाच्या बटणावर ठेवलं, आणि आक्का चालायला लागली. बारा वर्षांनी.

"दमानं आक्का. हितनं उजवीकडं वळायचं."

"कळतंय मला. अगं बया, किती लांब ह्यो! आन् ह्ये कोन पडलंय वाटंत?"

काका जरासुद्धा अडखळले नाहीत. "दुसऱ्या पाळीची मानसं हायत. दमून निजल्यात."

"आन् अंगावर पांघरून न्हाई? आत गारठा असंल. सायबाला सांगत न्हाईस व्हय रं?"

"सांगतो."

आक्का प्रत्येक मेलेल्या राक्षसाला वळसा घालून जात होती. पाय लागंल म्हणून. मधेच भिंतीपलीकडून गुरगुरणं ऐकू आलं.

"आता ह्ये कोन वरडतंय?"

"मुकादम," काका म्हणाले. "त्येची सवयच हाय."

"वरडू दे मेल्याला. तू भिऊ नगंस. मी हाय."

शेवटचं वळण झालं आणि बोगदा संपला. वर आभाळ, लांब डोंगर, सगळं ठोकळ्या-ठोकळ्यांचं. आक्कानं बोट उचललं.

"आभाळ हाय रं वशा."

"व्हय. आलो भाईर."

"थांब जरा हितं. लय चाललो." आणि तिनं दोन्ही हातांनी आपले गुडघे चोळले. काका तिच्या खाटेवर टेकले. दोघं त्या ठोकळ्यांच्या डोंगराकडे बघत बसले. मला रडू आलं. कशाला लपवू?

काका हातपाय धुवायला मागं गेले तेव्हा आक्कानं मला जवळ बोलावलं. आवाज एकदम उतरवला.

"बाई, त्यो खेळ हाय. म्हाईत हाय मला. दिलपानं सांगितलंय, कशी मानसं मारायला लागत्यात त्यात." तिनं ती फ्लॉपी पदराच्या टोकानं पुसली. "ल्हानपणी आमच्यातल्या एकानं गलोलीनं चिमणी मारली, तर ह्यो दोन दिस जेवला न्हवता. आन् माज्यासाठी एवढ्यांस्नी मारत आला. मग मी बोगदाच म्हननार, दुसरं काय म्हनू? त्याला सांगू नगा."

मी कुणाला सांगितलं नाही. आजच सांगते आहे.

सुट्टी संपून क्लास उघडला त्या दुपारी बरोबर दोनला काका हजर. म्हटलं, आता काय राहिलं? "मुकादम अजून आतच आहे, बाई. सणासुदीला कोंडून ठेवला बिचाऱ्याला." त्यांनी नववी लेव्हल उघडली, बंदूक न उचलता दारापाशी गेले, "माफ करा हं, खोळंबा झाला," म्हणाले आणि दार उघडलं. मुकादमानं त्यांना एका फटक्यात आडवं केलं. काका समाधानानं हसले, माठाकडे जाऊन पाणी पिऊन आले आणि पिशवीतून ती डबी काढली.

"दुसरा खेळ चढवून द्या."

"काका, अहो, दाखवलात की बोगदा! आता पुरे. डोळे जातील."

"एकच दाखवलाय. पाच आहेत म्हणून सांगून आलोय." त्यांनी कोरा ट्रेसिंग पेपर पसरला, पट्टीनं उत्तरेचा बाण काढला. मान वर न करता म्हणाले, "वर्षाला एकच दाखवायचा. कबूल केलेलं बघितल्याशिवाय आक्का कुठं जायची नाही, बाई. पहिल्यापासून हट्टी आहे ती."

टेबलावर त्यांच्या नऊ नकाशांची गुंडाळी पडली होती. मी ती उलगडली, नववा नकाशा काढला, पेन शोधलं आणि खालच्या चौकटीत "तपासले" पुढं सही केली. मी स्वतः जाऊन बघितलं होतं. वाट शेवटपर्यंत मोकळी होती.